व्हॅनमध्ये राहून लांबचा प्रवास : निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हॅनलाच घर करून काही महिने फिरायचं, असं ठरवलेली माणसं आम्हाला भेटली की ठरावीक प्रश्न हमखास विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. आम्ही दोघं व्हॅनमध्ये राहून पुष्कळ फिरलो आहोत. आतलं सुतारकाम आणि वायरिंग बरंचसं आम्हीच केलं आणि त्यातलं काही उखडून पुन्हा नव्याने केलं. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. ज्या गोष्टींवरून प्रवास अर्ध्यावर सोडायची वेळ येते, किंवा जिवाशी गाठ पडते, त्यांच्यावर मुद्दाम जास्त लिहिलं आहे.

तयारीला किती वेळ धरावा? सुरुवात कशाने करावी?

नोकरी-धंदा सांभाळून स्वतः गाडी बांधणार असाल तर सहा महिने धरा. बांधलेली गाडी विकत घेतली तरी दोन महिने लागतातच.

सुरुवात मात्र खरेदीने करू नका. गाडी रिकामी असतानाच तिच्यात दोन-तीन रात्री झोपा. जमिनीवर गादी टाका. पाण्याचा कॅन, छोटी शेगडी आणि चार्जिंगचा दिवा एवढंच सोबत घ्या आणि एक वही ठेवा. हात सारखा कुठे जातो, चपला कुठे काढल्या जातात, रात्री उठलं की पाय कशावर आपटतो, ते त्याच वेळी लिहून ठेवा. आम्ही कागदावर ओटा सरकत्या दाराशी काढला होता. दोन दिवसांत लक्षात आलं, की चहा घेऊन आम्ही दोघंही त्या दाराशीच जाऊन बसतो, कारण उजेड आणि वारा तिथेच होता. मग ओटा मागे गेला आणि दार मोकळं राहिलं. हे सुतारकाम झाल्यावर कळलं असतं तर सगळं उखडावं लागलं असतं.

उंच टपाची गाडी घ्यावी की बुटकी?

आत ताठ उभं राहता येणं ही चैन वाटते, पण सलग तीन दिवस पाऊस लागला की त्याची किंमत कळते. कपडे बदलायचे, भांडी घासायची, पँटमध्ये पाय घालायचा, हे सगळं वाकून करावं लागलं तर आठवड्याभरात पाठ बोलायला लागते. दोन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर माझं मत सरळ उंच टपाच्या बाजूने आहे.

बुटक्या गाडीचेही फायदे आहेत. ती कुठल्याही पार्किंगमध्ये शिरते, वाऱ्यात कमी हलते, इंधन कमी खाते आणि रात्री कुणाच्या नजरेत भरत नाही. एकटा माणूस, बहुतेक कोरडी हवा आणि बाहेरच स्वयंपाक, असा बेत असेल तर ती पुरते. उंच गाडी घेतलीत तर तिची उंची टपावरच्या पंख्यासकट स्वतः टेपने मोजा आणि तो आकडा ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा. कमी उंचीचा पूल समोर आल्यावर आठवायला वेळ नसतो.

गाडी घेताना रंगापेक्षा गंज बघा. दारांच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी, विंडस्क्रीनच्या रबराखालची पट्टी आणि चासी, सगळं टॉर्च घेऊन, खाली झोपून बघायचं. इंजिनचं काम नंतर करता येतं. चासी आतून पोखरलेली असेल तर त्या गाडीवर घर बांधू नये.

सगळे वजनाबद्दल एवढं का बोलतात?

कारण बांधणाऱ्याला वजन दिसत नाही आणि गाडीला प्रत्येक किलो जाणवतो. माणसं, पाणी, इंधन, सामान धरून गाडीचं एकूण वजन जास्तीत जास्त किती असावं, हा आकडा उत्पादकाच्या पट्टीवर आणि कागदपत्रांत असतो. रिकाम्या गाडीचं वजन त्यातून वजा केलं की तुमच्या वाट्याला किती आलं ते कळतं. लाकूड, बॅटरी, पाणी, कपडे आणि तुम्ही स्वतः, सगळं त्यात बसलं पाहिजे.

आता जोडून बघा. १८ मिलिमीटर जाडीची ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची शीट ३० किलोच्या आसपास भरते. अशा सहा शीट वापरल्या की १८० किलो तिथेच गेले. ८० लिटर पाणी म्हणजे ८० किलो. १०० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) लेड-अॅसिड बॅटरी २५ ते ३० किलोची असते, तेवढ्याच क्षमतेची लिथियम साधारण १२ किलोची. दोन माणसं, गादी, भांडी, हत्यारं, सोलर पॅनल धरले की मोठ्या व्हॅनचाही वाटा संपत येतो.

जादा वजन आधी ब्रेकवर येतं, मग टायरवर, मग स्प्रिंगच्या पाट्यांवर आणि क्लचवर. थांबायला जास्त अंतर लागतं, उतारावर ब्रेक तापतात, टायर फुटतात. अपघात झाला आणि गाडी मर्यादेपेक्षा जड निघाली तर विम्याच्या दाव्यात अडचण येते ती वेगळीच.

म्हणून पूर्ण भरलेली गाडी वजनकाट्यावर न्या. टाक्या भरलेल्या, दोघं आत बसलेले. आधी पूर्ण गाडीचं, मग फक्त पुढच्या चाकांचं आणि मग फक्त मागच्या चाकांचं वजन घ्या. एकूण आकडा ठीक असूनही मागच्या धुऱ्यावर (अॅक्सलवर) भार जास्त झालेला असतो, कारण सगळ्यांचा पलंग मागे आणि त्याखालचं ‘गोदाम’ही मागेच असतं. जड वस्तू खाली आणि दोन धुऱ्यांच्या मधे ठेवा. १८ मिलिमीटरच्या जागी १२ किंवा ९ वापरून चौकट पक्की केली तर कपाट तेवढंच टिकतं.

पलंग उभा लावावा की आडवा?

आडवा लावला तर जागा खूप वाचते, पण बऱ्याच व्हॅनची आतली रुंदी पावणेदोन मीटरच्या आसपास असते आणि भिंतीला आवरण लावल्यावर ती आणखी कमी होते. गाडीत आडवं झोपून डोकं आणि तळवे एकाच वेळी टेकतात का ते बघा. टेकत असतील तर उभाच लावा. रोज घडी करून बसायची जागा करायचा पलंग कागदावर छान दिसतो. महिनाभराने तो घडी करायचा कंटाळा येतो आणि दिवसभर तसाच पसरलेला राहतो. पलंग कायमचा असावा असं मला वाटतं. गादीखाली पट्ट्या हव्यात, सलग फळी नको. त्याचं कारण पुढे ओलीच्या प्रश्नात येईल.

वीज किती लागेल? कुठली बॅटरी घेऊ?

बॅटरी घेण्याआधी दिवसाचा खर्च मांडा. दोन माणसांचा साधारण हिशेब १२ व्होल्टवर असा निघतो. लहान कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ३५ एएच घेतो, कडक उन्हाळ्यात त्याहून जास्त. टपावरचा पंखा मध्यम वेगावर रात्रभर १२, एलईडी दिवे ४, दोन मोबाइल ३, एक लॅपटॉप ६, पाण्याचा पंप जेमतेम १. बेरीज ६१. दोन दिवस एका जागी, ढगाळ हवेत, गाडी चालू न करता काढायचे असतील तर १२० एएच खरोखर वापरता आले पाहिजेत.

‘खरोखर वापरता येणं’ हा यातला महत्त्वाचा भाग. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणून तिथे २४० एएच लागतील. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते, तिथे १५० एएचमध्ये काम होतं. लिथियम महाग, पण हलकी आणि कितीतरी जास्त वेळा चार्ज होणारी. एक पथ्य मात्र पाळायचं. बॅटरीचं तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. थंड प्रदेशात जाणार असाल तर बॅटरी राहत्या भागात आत बसवा, किंवा कमी तापमानाला चार्जिंग आपोआप तोडणारी घ्या.

विजेवर पाणी तापवायचं, इंडक्शन चालवायचं असं अनेकांच्या मनात असतं. १५०० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून इन्व्हर्टरच्या घटीसह साधारण १४० अँपिअर ओढते. दहा मिनिटांत २३ एएच संपले! जमतं, पण मग बॅटरी दुप्पट, वायरी जाड आणि चार्जिंगही तेवढंच दांडगं हवं.

वायरिंगबद्दल एकच आग्रह. प्रत्येक वायरीला तिच्या जाडीला साजेसा फ्यूज लावा. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. फ्यूजच्या आधीच वायर घासून पत्र्याला टेकली तर तिला अडवणारं काहीच नसतं आणि ती तापून लाल होते. पत्र्यातून वायर नेताना भोकाला ग्रोमेट, म्हणजे रबरी कडं, लावाच. वायरिंग येत नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या, बाकी सुतारकाम हौसेने करा.

फक्त सोलरवर भागेल का?

उन्हाळ्यात, उघड्यावर थांबत असाल तर बरंचसं भागेल. टपावर सपाट लावलेले २०० वॅटचे पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी ६०० ते ७०० वॅट-तास देतात, म्हणजे ५० एएचच्या वर. दाट ढग आले की त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. शिवाय उन्हाळ्यात तुम्हाला सावली हवी असते आणि पॅनलला ऊन. ही ओढाताण रोजची आहे.

म्हणून सोलरच्या जोडीला चालत्या इंजिनाकडून बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर बसवा. ३० अँपिअरचा असेल तर दोन तासांच्या प्रवासात ६० एएच येतात, म्हणजे वर मांडलेला जवळपास पूर्ण दिवसाचा खर्च. रोज थोडंफार गाडी चालवणाऱ्यांना तो सोलरपेक्षाही भरवशाचा वाटतो.

गाडीत गॅस, शेगडी, हीटर सुरक्षित आहेत का?

आहेत, पण दोन वेगवेगळे धोके ओळखून.

पहिला गळतीचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून हवाबंद हवा आणि त्याच्या तळाला थेट गाडीबाहेर उघडणारं भोक हवं. गळती ओळखणारा अलार्म जमिनीलगत लावायचा. गाडी रोज हादरते, त्यामुळे सांधे सैल होतात. महिन्यातून एकदा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. चालत्या गाडीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने त्याला धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि झोपेतच माणूस जातो. थंडी आहे म्हणून शेगडी पेटती ठेवून झोपू नका, कोळशाची शेगडी किंवा निखारे आत आणू नका. विझत आलेले निखारेही हा वायू सोडत असतात. हीटर हवा असेल तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणाराच घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीच्या आसपास लावा आणि त्याची मुदत बघा, त्यातला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो. बाकी कशात काटकसर केलीत तरी या अलार्ममध्ये करू नका, अगदी कळवळून सांगतो.

थंडीत सिलिंडर भरलेला असूनही शेगडी पेटत नसेल तर गॅस कुठला ते बघा. ब्युटेन शून्य अंशाच्या जरासंच खाली वायुरूप होणं थांबवतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो.

अग्निशामक आणि फायर ब्लँकेट दाराशी, बाहेरूनही हात पोहोचेल असे ठेवा. आग लागली तर आधी माणसं बाहेर, सामानाचं नंतर बघू.

सकाळी आतून सगळं ओलं का होतं?

हा प्रश्न विचारणारा माणूस एक रात्र गाडीत झोपून आलेला असतो. आमच्या पहिल्या थंडीतली पहाट मला अजून आठवते. कपाळावर थेंब पडला म्हणून जागा झालो. वर बघितलं तर छताच्या पट्टीतल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब लोंबत होता, ओळीने, मोजून घ्यावेत असे. लाकूड कोरडं होतं, फक्त स्क्रू ओले. स्क्रू थेट थंड पत्र्यात गेले होते, त्यामुळे पत्र्याचा गारवा त्यांच्या डोक्यापर्यंत पोहोचत होता आणि आमच्या श्वासातली वाफ तिथे पाणी होत होती.

एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी हवेत जातं. दोघांचं अर्धा लिटर. त्यात आत स्वयंपाक केला तर पदार्थाची वाफ आली आणि जळणाऱ्या गॅसचीही आली, कारण एलपीजी जळताना पाणी तयार होतं. हे पाणी सगळ्यात थंड जागा शोधतं. काच, उघडा पत्रा आणि गादीची खालची बाजू. महिनाभराने आम्ही गादी उचलली तर तिच्या पोटावर काळे ठिपके होते आणि आंबूस वास येत होता. खाली सलग फळी होती. फळीच्या जागी पट्ट्या टाकल्यावर हवा खेळली आणि ठिपके पुन्हा आले नाहीत.

उपाय एकच, हवा बदलत ठेवणं. टपावरचा पंखा हवा बाहेर फेकेल असा मंद ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाला खिडकी दोन बोटं उघडी. थंडीत खिडकी उघडायची म्हटलं की जिवावर येतं, पण दमट उबेपेक्षा कोरडा गारवा परवडतो. स्वयंपाक करताना झाकण ठेवा आणि पंखा पूर्ण वेगाने सोडा. ओले टॉवेल आत वाळत घालू नका. सकाळी काचा पुसून फडकं बाहेर पिळा.

भिंतीत उष्णतारोधक थर घालताना पत्र्याचा एकही भाग आतून उघडा राहू देऊ नका. आतल्या आडव्या-उभ्या कांबींवरही थर हवा. आणि भिंत बंद करण्याआधी जोरदार पावसात, किंवा पाइपने पाणी मारून, गळती तपासा. खिडकीच्या सीलमधून आत झिरपणारं पाणी भिंत बंद झाल्यावर दिसत नाही. गंज बाहेर फुटतो तेव्हाच कळतं.

उन्हाळ्यात आत राहवतं का?

दुपारी बंद गाडीत नाही. बाहेर ३० अंश असताना उन्हातली बंद गाडी तासाभरात पन्नाशीकडे जाते. सावलीत थांबा आणि काचांवरचे चकचकीत पडदे शक्यतो बाहेरून लावा. आतून लावले तर ऊन काचेतून आत येऊन मगच अडतं. मूल किंवा पाळीव प्राणी पाच मिनिटांसाठीही बंद गाडीत सोडू नका. कुत्र्यासोबत फिरणाऱ्यांचा दिवस त्याच्याच सोयीने आखावा लागतो, हे आधीच मान्य करा.

पाणी किती घ्यावं आणि ते स्वच्छ कसं ठेवावं?

पिणं, स्वयंपाक, भांडी, तोंड धुणं धरून काटकसरीने माणशी आठ-दहा लिटर दिवसाला. अंघोळ धरली तर आणखी पाच, तेही मग्याने किंवा बारीक धारेच्या शॉवरने. दोघांना चार दिवस पुरेल एवढी टाकी बरी. त्याहून मोठी टाकी म्हणजे पुन्हा वजन.

पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेवा. टाकी भरायला स्वतःचा, पिण्याच्या पाण्यासाठीचा पाइप न्या आणि त्याची दोन्ही टोकं झाकून ठेवा. पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. नुसत्या जाळीच्या फिल्टरवर विसंबू नका, तो विषाणू अडवत नाही. सिंकचं पाणी बंद टाकीत साठवून योग्य जागी ओता, आणि टाकी दर दोन-तीन दिवसांनी रिकामी करा, नाहीतर तिचा वास झोपू देत नाही.

शौचालय गाडीत हवंच का?

हवं. लहान का होईना, हवंच. मध्यरात्री पोट बिघडलेलं असताना, बाहेर पाऊस किंवा अनोळखी जागा असताना दुसरा मार्ग नसतो. रसायन घालायची कॅसेट, म्हणजे मैल्याची टाकी खालून काढून नेता येणारं शौचालय, सोयीची, पण ती रिकामी करायला ठरावीक जागा लागते. लघवी वेगळी साठवणाऱ्या कोरड्या प्रकाराला वास कमी येतो, कारण दोन्ही एकत्र झाले की जास्त वास सुटतो. उघड्यावर जायची वेळ आलीच तर ओढ्या-तळ्यापासून ६० मीटर तरी लांब, वीतभर खड्डा, वर माती. कागद पिशवीत परत आणायचा.

गाडीचं मेकॅनिकल काम काय काय करून घ्यावं?

निघायच्या दोन महिने आधी करा, दोन दिवस आधी नको. नवीन बसवलेला भाग बिघडायचा असेल तर बहुधा पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच बिघडतो. तो घराजवळ बिघडू दे.

इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट, होजपाइप, बेल्ट, ब्रेकपॅड आणि सस्पेन्शनचे बुश बघून घ्या. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदलाच. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं.

टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्याचं वय बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. दहा वर्षांच्या पुढचा टायर कितीही नवा दिसला तरी नको, आणि सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या. स्टेपनीचंही तेच. हवा टायर थंड असताना, भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघा.

सोबत फॅनबेल्ट, फ्यूज, बल्ब, एक लिटर ऑइल, होजपाइपचे क्लॅम्प, पंक्चर किट, हवेचा पंप, जंपर केबल आणि ओढायचा दोर घ्या. बहुतेक सगळे स्टेपनी बदलायचा सराव टाळतात. घरासमोर, भरलेल्या गाडीवर, तुमच्याच जॅकने एकदा चाक काढून बघा. आम्ही ते केलं तेव्हा कळलं की गाडीसोबत आलेला पान्हा एवढा आखूड होता, की गॅरेजमध्ये मशिनने आवळलेले नट त्याने हलेनात. लांब दांड्याचा पान्हा त्याच दिवशी आणला.

रोज किती किलोमीटर चालवावं?

सलग प्रवासात २०० ते २५० पुरे, आणि आठवड्यातले दोन दिवस गाडी अजिबात हलवू नये. कपडे धुणं, पाणी भरणं, बाजारहाट, झाडलोट हे सगळं तेव्हाच होतं. दर दोन तासांनी उतरून चाला. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा. अनोळखी जागा उजेडात एकदा नजरेखालून गेली की रात्र शांत जाते.

घाट आणि उंचीवरचे रस्ते जमतील का?

चढाला ज्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवून जड गाडी उतरवली तर ब्रेक तापून धरेनासे होतात. जळका वास आला की थांबा, पाणी ओतू नका, आपोआप निवू द्या. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार मीटरला सुमारे दहा टक्के ताकद गमावतं. पाणी दर ३०० मीटरला एक अंश कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे वर गेल्यावर अन्न शिजायला वेळ आणि गॅस जास्त लागतो. प्रेशर कुकर तिथे उपयोगी पडतो.

रात्री कुठे थांबावं? एकटी बाई असेल तर?

अधिकृत तळ, परवानगी घेऊन कुणाची खासगी जागा, किंवा जिथे रात्री थांबायला मनाई नाही असा वाहनतळ. नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते आधी बघा. गाडीचं तोंड बाहेरच्या दिशेला ठेवा. ड्रायव्हरची सीट मोकळी, चावी ठरलेल्या खुंटीवर. अंथरुणातून उठून दार न उघडता थेट सीटवर जाता येत असेल तर फार बरं. नदीपात्रात, ओढ्याच्या कोरड्या पात्रात मुक्काम करू नका. पाऊस तुमच्या डोक्यावर पडला नसला तरी वरच्या डोंगरात पडलेला असू शकतो.

एकट्या फिरणाऱ्या मैत्रिणी सांगतात त्यातलं सगळ्यात कामाचं हे, की जागा खटकली तर कारण शोधत बसायचं नाही, निघायचं. त्यासाठी अंधार पडल्यावर बाहेर खुर्ची-टेबल, चुली-दोऱ्या पसरून ठेवायच्या नाहीत. रोजचं ठिकाण घरच्या एका माणसाला कळवायचं आणि कळवलं नाही तर त्याने किती तासांनी काय करायचं हेही आधी ठरवून ठेवायचं.

कागदपत्रं कोणती?

गाडीत पलंग, गॅस, वायरिंग बसवलं म्हणजे काही ठिकाणी गाडीचा प्रकारच बदलतो आणि तशी नोंद लागते. काम सुरू करण्याआधी वाहन नोंदणी कार्यालयात विचारा. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलांसाठी दावा नाकारला जाऊ शकतो. आतल्या सामानाचा विमा बहुधा वेगळा असतो.

सीमा ओलांडणार असाल तर वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना लागू शकतो. तो रस्ते वाहतुकीच्या १९४९ आणि १९६८ च्या आंतरराष्ट्रीय करारांनुसार वेगवेगळा असतो आणि जिथे जायचं त्या देशाला कुठला चालतो ते बघावं लागतं. काही देशांत गाडीसाठी कार्ने नावाचं सीमाशुल्क हमीपत्र लागतं. त्याला अनामत भरावी लागते आणि वेळही लागतो, म्हणून महिनोन्‌महिने आधी सुरुवात करा. सगळ्याच्या प्रती मोबाइलमध्ये, ऑनलाइन आणि घरच्या एका माणसाकडे ठेवा.

औषधांच्या चिठ्ठीवर ब्रँडसोबत मूळ औषधाचं नावही लिहून घ्या, दुसरीकडे ब्रँड मिळत नाही. चष्मा एक जादा.

पैशाचा अंदाज कसा बांधावा?

इंधनाचा हिशेब रिकाम्या गाडीच्या अॅव्हरेजवर करू नका. भरलेली गाडी एकदा टाकी फुल ते टाकी फुल चालवून खरा आकडा काढा, अंतर त्याने भागा आणि वर २० टक्के धरा. वाट चुकणं, पाणी शोधणं, बाजारात जाणं यात तेवढं जातंच. बाकी खर्च घरच्या तीन महिन्यांच्या नोंदींवरून काढा. प्रवासात माणूस बदलत नाही, घरी बाहेर खाणारा तिथेही बाहेरच खातो. याशिवाय एक रक्कम अशी हवी जिला हात लावायचा नाही. एक मोठी दुरुस्ती, दुरुस्ती होईपर्यंत राहायची सोय आणि सगळ्यांचं परतीचं तिकीट तिच्यात भागलं पाहिजे.

दोघांचं एवढ्याशा जागेत पटतं का?

एक उभा असेल तेव्हा दुसऱ्याने बसायचं, एवढा एक नियम पाळला तरी निम्मे खटके टळतात. प्रत्येकाचा एक कप्पा असावा, ज्यात दुसरा हात घालणार नाही. दिवसातला एक तास वेगवेगळं फिरायला जा, भांडण झालेलं नसतानाही. दोघांनाही गाडी चालवता, उलटी घेता आणि चाक बदलता आलं पाहिजे. एकालाच येत असेल तर तो आजारी पडला की दोघंही अडकतात. आणि ‘परत जाऊ या’ असं कुणीही कधीही म्हणू शकतो, त्यावर रुसायचं नाही, हे निघायच्या आधी मोकळेपणाने बोलून घ्या.

मुलं बरोबर असतील तर जितकी माणसं तितक्या बेल्टच्या, चासीला पक्क्या बसवलेल्या सीट हव्यात. चालत्या गाडीत पलंगावर कुणीही झोपायचं नाही, मोठ्यांनीही नाही.

गाडीतून काम करता येईल का?

येईल. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, महत्त्वाच्या कामाच्या आदल्या संध्याकाळीच नेटवर्क असलेल्या जागी पोहोचा आणि कामाच्या दिवशी गाडी चालवू नका. पाठीला टेकू देणारी बसायची जागा मात्र आधीच बांधा. पलंगावर मांडी घालून आठ तास काम होत नाही.

काय नेऊ नये?

‘लागलं तर असू दे’ म्हणून घेतलेलं सगळं. चाचणी म्हणून दहा दिवसांची फेरी करा आणि वापरलेल्या प्रत्येक वस्तूला रंगीत टेपचा तुकडा चिकटवा. परत आल्यावर बिनटेपची वस्तू खाली उतरवा. औषधपेटी, अग्निशामक, हत्यारं आणि पावसाळी कपडे तेवढे वगळून. आमचं ४० किलोंच्या वर सामान असं उतरलं, त्यात बहुतेक भांडी आणि पुस्तकं होती.

रोज गाडी हलवण्याआधी काय तपासायचं?

गॅस बंद. टपावरची खिडकी बंद. फ्रिजची कडी लावलेली. ओट्यावर काही सुटं नाही. खण ओढून बघितलेले. पायरी आत घेतलेली. बाहेरचा पाइप किंवा वायर काढलेली. चाकाखालची ठोकळी उचललेली. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी, खाली वाकून बघत. खाली तेलाचा डाग आहे का, टायर बसलाय का, आपला कचरा मागे राहिलाय का.

ही यादी कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. एकाने मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने हात लावून बघायचं. आम्ही एका सकाळी घाईत वाचली नाही. पहिल्याच वळणावर वरचा खण पूर्ण बाहेर येऊन दोघांच्या सीटच्या मधे पडला, आत लोखंडी तवा होता. तेव्हापासून तवा खालच्या खणात असतो आणि यादी वाचल्याशिवाय चावी फिरत नाही.